सीआरएनए, म्हणजे अमेरिकेत भूल देणारी नर्स, होण्यासाठी विकत घेतलेलं मार्गदर्शन : ८९० डॉलरांत काय मिळालं

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला पैशांवरच्या व्हिडिओसाठी, अर्धा ६३ या आकड्यासाठी. दोन्ही पुढे सांगते.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्यांच्याकडे माझा एक कॉल अजून शिल्लक आहे! शिवाय अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायला निघालेल्यांना असलं मार्गदर्शन विकणारे बरेच जण आहेत, आणि पॅकेजं साधारण सारखीच असतात. मी मधलं घेतलं. त्यात ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजचं गुणपत्रक) तपासून एक रिपोर्ट, प्रत्यक्ष काम करणाऱ्या सीआरएनएबरोबर पाऊण तासाचे चार कॉल, निबंधाची दोनदा दुरुस्ती, एक मॉक इंटरव्ह्यू आणि व्हिडिओंचा ढीग. वरचं पॅकेज १,४५० डॉलरांचं होतं. त्यात कॉल दुप्पट आणि 'कधीही मेसेज करा' अशी सोय. रात्रपाळीवाल्या बाईने कधीही मेसेज केला तर समोरच्याचं काय होईल, या विचाराने ते सोडलं.

मी कोण तेही सांगते, म्हणजे तुमचं-माझं कितपत जुळतं ते कळेल. महाराष्ट्रातून बी.एस्सी. नर्सिंग, तिकडे आयसीयूत बरीच वर्षं, मग एनक्लेक्स (इथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा), व्हिसास्क्रीन (परदेशी नर्सच्या कागदपत्रांची पडताळणी) आणि ग्रीन कार्डवर थेट ओहायो. क्लीव्हलँडजवळ एका हॉस्पिटलात हृदयाच्या शस्त्रक्रियांच्या आयसीयूत रात्रपाळी, हे तिसरं वर्ष. वय सदतीस. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "भूल तर डॉक्टर देतात ना गं?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे भूल द्यायची ती भूलतज्ज्ञ डॉक्टरने. नर्स स्वतः नळी घालते, गॅस चालवते आणि पेशंट उठेपर्यंत त्याच्या डोक्याशी बसते, हे चित्रच डोळ्यांसमोर येत नाही. इथे मात्र हे काम शंभर वर्षांहून जुनं आहे. ॲगाथा हॉजिन्स नावाच्या नर्सने या लोकांची राष्ट्रीय संघटना १९३१ साली उभी केली ती क्लीव्हलँडमध्येच, लेकसाइड हॉस्पिटलात. इतकी वर्षं या गावात ये-जा करते, पण मला हे पहिल्यांदा मेंटरनी, म्हणजे कॉलवरच्या सीआरएनएनी सांगितलं.

रिपोर्ट चार दिवसांत आला. अकरा पानं, रंगीत, प्रत्येक पानावर माझं नाव. तिसऱ्या पानावर लाल चौकट : माझे गुण 'धोक्याच्या पातळीवर' आहेत. कशामुळे, तर शेवटच्या वर्षाला ६३ टक्के. इथल्या हिशोबात ६३ म्हणजे डी, नापासाच्या जेमतेम वर. आपल्या नर्सिंगच्या विद्यापीठ परीक्षेत ६३ म्हणजे फर्स्ट क्लास, आणि तो कसा मिळतो ते ज्यांनी मिळवलाय त्यांना विचारा. मी विषयवार मूल्यमापनाचा, म्हणजे आपले गुण इथल्या हिशोबात मांडणारा अहवाल सोबत जोडला होता. त्यात चारपैकी ३.४ जीपीए (गुणांची सरासरी) स्पष्ट लिहिला होता. तो कोणी उघडलाच नव्हता. ती लाल चौकट डोक्यात घेऊन मी बारा तासांची ड्युटी केली. सकाळी घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, त्यांना टक्केच कळले नसतील." मेल टाकला, दोन दिवसांनी माफी आली आणि नवा रिपोर्टही. लाल चौकट हिरवी झाली होती, बाकी मजकूर जसाच्या तसा.

त्याच रिपोर्टात ऑरगॅनिक केमिस्ट्री घ्या म्हणून ठणकावलं होतं. मी अतिशहाणी, पहिल्या कॉलची वाटही न बघता कम्युनिटी कॉलेजात नाव घालून आले. लॅबसकट सहाशे डॉलर. पहिल्या कॉलवर मेंटरनी विचारलं, तुझ्या यादीतल्या पाच प्रोग्रामपैकी ऑरगॅनिक कोणाला हवंय? मी शोधायला बसले. एकालाच हवं होतं. दोघांना त्याऐवजी बायोकेमिस्ट्री चालत होती, उरलेल्या दोघांनी साधी केमिस्ट्री मागितली होती. फी परत मिळायची मुदत संपून गेली होती.

तर रिपोर्ट हा फॉर्म भरून छापलेला कागद आहे. त्यासाठी पैसे देऊ नका. आता मेंटरबद्दल, कारण साडेतीन तारे आहेत ते सगळे त्यांचे.

वीस वर्षं भूल देणारा माणूस, त्याआधी माझ्यासारख्याच आयसीयूत. मी 'सर' म्हटल्यावर हसायला लागले, नावाने हाक मार म्हणाले. जमलं नाही, झालेले तिन्ही कॉल मी नाव टाळूनच बोलले. पहिल्या कॉलमध्ये त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि शेवटापासून सुरुवातीकडे मोजायला शिकवलं. २०२७ च्या मे महिन्यात वर्गात बसायचं, तर अर्ज २०२६ च्या उन्हाळ्यात. म्हणजे सीसीआरएनची, आयसीयू नर्सिंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा वसंतात उरकलेली हवी. तिला दोन वर्षांत १,७५० तास गंभीर रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा लागते, त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले. माझे तास भरले होते, पण अभ्यासाचे तीन महिने कुठल्या रात्रींतून काढायचे ते त्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. शिफारसपत्रांतलं एक मॅनेजरचं, म्हणजे तिच्या कानावर घालायचं कधी? सीआरएनएबरोबर ओटीत दिवसभर उभं राहायचं ते कधी? सगळं एका कागदावर, तारखांसकट.

नियम तसे थोडेच आहेत. नर्सिंगची किंवा संबंधित विषयाची पदवी, आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) लायसन्स, आणि आयसीयूत किमान एक वर्ष पूर्ण वेळ काम. एवढं असलं की अर्ज करता येतो. पण 'करता येतो' आणि 'बोलावतात' यांत फरक आहे, असं ते म्हणाले. मुलाखतीला येणाऱ्यांकडे बहुधा एका वर्षाहून जास्त अनुभव असतो. जीएनएम केलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्याबद्दलही विचारलं. डिप्लोमा पुरत नाही, आधी पदवी पूर्ण करा. आणि युनिटमध्ये कोणी 'मास्टर्स कर, अडीच वर्षांत मोकळी' म्हणालं तर ऐकू नका. १ जानेवारी २०२२ पासून आत जाणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच्याच प्रोग्रामला बसावं लागतं, किमान तीन वर्षं. आमच्याकडच्या जुन्या सीआरएनए मास्टर्सवाल्या आहेत, त्यांना बघून गोंधळ होतो.

दुसऱ्या कॉलला आम्ही माझी मार्कशीट वाचली, तीही विषयवार. मला सगळ्यात उपयोग झाला तो याचा. आपल्याकडे पहिल्या वर्षाला 'न्यूट्रिशन आणि बायोकेमिस्ट्री' असा जोडपेपर असतो, आणि संशोधन व संख्याशास्त्र हेही एकत्रच. इथला प्रवेश अधिकारी ते बघून विचारणार, यात बायोकेमिस्ट्री किती आणि आहार किती? केमिस्ट्री तर आपण अकरावी-बारावीतच संपवतो. ती इथे शाळेतली धरतात, कॉलेजची नाही. वर माझी पदवी सोळा वर्षं जुनी, आणि कित्येक प्रोग्रामना विज्ञानाचे विषय गेल्या पाच किंवा दहा वर्षांतले लागतात. यावर त्यांचा सल्ला एका ओळीचा होता : अंदाज करू नकोस, पाचही ठिकाणी मेल टाक, अभ्यासक्रम जोड आणि लेखी उत्तर घे. चार ठिकाणांहून उत्तर आलं. दोघांनी संख्याशास्त्र मान्य केलं, दोघांनी नाही. बायोकेमिस्ट्री कोणीच मानली नाही. म्हणून आता संख्याशास्त्र ऑनलाइन चालू आहे आणि बायोकेमिस्ट्री पुढच्या सेमिस्टरला. सहाशे डॉलरांचं ऑरगॅनिकही पूर्ण करतेय, पैसे भरलेत म्हणून. आवडायला लागलंय, ते वेगळं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी फुकट आहे आणि मला माहीत नव्हती. मान्यताप्राप्त प्रत्येक प्रोग्रामला आपले आकडे वेबसाइटवर टाकावे लागतात : पहिल्या प्रयत्नात राष्ट्रीय परीक्षा किती जण पास झाले, मधेच किती गळले, किती जणांना नोकरी लागली. मी पासाचा टक्का बघत होते. ते म्हणाले, आधी गळती बघ, नोकरी सोडून तू जाणार आहेस. माझ्या यादीतला एक प्रोग्राम त्या दिवशी कटला.

निबंधाची दुरुस्ती ठीक. 'लहानपणापासून सेवेची आवड' ही ओळ पहिल्याच फेरीत उडाली. उडायलाच हवी होती.

मॉक इंटरव्ह्यू मात्र विसरणार नाही. बायपास होऊन सहा तास झालेला पेशंट, नॉरएपिनेफ्रिन (बीपी चढवणारं औषध) चालू आहे, बीपी उतरतंय, काय करशील? मी सुरू केलं, औषध कुठल्या रिसेप्टरवर काम करतं, अल्फा-वन, बीटा-वन, डोस वाढवेन, अगदी पाठ केल्यासारखं. त्यांनी थांबवलं. "ड्रेन मघापासून कोरडे आहेत. सीव्हीपी चढतोय. आता?" म्हणजे छातीतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्यांतून काहीच येत नाही आणि हृदयाजवळच्या शिरांतला दाब वाढतोय. मी गप्प. असे पेशंट मी आठवड्यातून तीन रात्री बघते! ड्रेन तुंबला, रक्त हृदयाभोवती साठलं, हृदयाला पसरायला जागा नाही, यालाच टॅम्पोनाड म्हणतात. युनिटमध्ये असते तर दोन मिनिटांत सर्जनला उठवलं असतं. खुर्चीत बसल्यावर मात्र औषधाच्या चिठ्ठीपलीकडे डोकं चालेना. "रिसेप्टर नंतर. आधी पेशंटला झालंय काय ते सांग," म्हणाले. पाऊण तास असंच चाललं. शेवटी माझा घसा कोरडा पडला आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की औषधं मला येतात, मोठ्याने विचार करता येत नाही.

आता कापलेला तारा. व्हिडिओंतल्या 'पैशांचं नियोजन' या भागात एक हसतमुख बाई सांगते की काळजी नको, फेडरल ग्रॅड प्लस कर्ज (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज) पूर्ण खर्चापर्यंत मिळतं. आमच्याकडे घराचा हप्ता आहे आणि बहुतेक प्रोग्राम शिकताना नोकरी करू देत नाहीत किंवा करू नका असं बजावतात. म्हणजे तीन वर्षं माझा पगार शून्य. त्या बाईच्या भरवशावर आम्ही एक्सेल शीट मांडलं. नवऱ्याने सहज विचारलं, "हा व्हिडिओ कधीचा?" २०२३ चा. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केलंय, आणि मी बसणार २०२७ ला. जे फेडरल कर्ज उरतं त्याला वर्षाची मर्यादा आहे. बाकीचं खासगी बँकेतून काढा, नाहीतर साठवा. सीआरएनएचा वर्षाचा पगार इथे दोन लाख डॉलरांच्या वर जातो हे खरं, पण तो तीन वर्षांनंतर. हप्ता दर महिन्याला. मी कळवल्यावर त्यांनी व्हिडिओखाली बारीक अक्षरात एक ओळ टाकली. व्हिडिओ अजून तिथेच आहे आणि ती बाई अजून हसतेय.

जाहिरातीत यशाचा एक मोठा टक्का आहे. तो कशाचा, अर्ज करणाऱ्यांचा की वरचं पॅकेज घेणाऱ्यांचा, असं दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही.

घ्यावं का? तुम्ही इथेच शिकलेल्या असाल आणि विषय ताजे असतील तर नको. प्रोग्रामच्या पानांवर सगळं आहे. भारतातली पदवी असेल तर नुसते कॉल सुटे मिळतात का विचारा, मूल्यमापनाचा अहवाल पहिल्या मेललाच जोडा आणि तो उघडला का तेही विचारा. पहिल्या कॉलआधी कुठेही नाव घालू नका.

शिल्लक कॉल मी अर्ज भरण्याच्या आठवड्यासाठी ठेवलाय. दुसरा मॉक इंटरव्ह्यू २२० डॉलरांना मिळतो, तो घेतला नाही. युनिटमध्ये आमची केरळची चेची (मल्याळीत ताई) आहे, सव्वीस वर्षांची नोकरी. पहाटे तीनला चहा पिताना ती एक पेशंट रचून सांगते आणि मी उत्तर द्यायला लागले की फक्त "का?" म्हणते. काल तिच्या एकाच पेशंटवर आम्ही वीस मिनिटं घालवली.