ऑनलाइन एमबीएचं फ्री काउन्सेलिंग : ५ पैकी २ स्टार

धाकट्या भावाला नोकरी सांभाळून एमबीए करायचंय, म्हणून एका ॲडमिशन काउन्सेलिंगवाल्यांकडे ऑनलाइन फॉर्म भरला होता. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या त्यांचा नाहीये.

आधी चांगलं सांगते. फोन लगेच आला, मुलगी मराठीत नीट बोलली, आणि विद्यापीठांच्या फीचा तक्ता त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवला, जो आपण स्वतः करायला बसलो असतो तर वैताग आला असता. दोन स्टार त्याचेच.

पण त्या तक्त्यात इग्नू नाही, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पण नाही, दोन्हीकडे एमबीए असून. सरळ विचारलं तेव्हा कळलं की ॲडमिशनमागे विद्यापीठ त्यांना पैसे देतं, म्हणजे टाय-अप असेल तेवढंच दाखवणार. मग हे पहिल्याच फोनवर सांगायला काय हरकत होती?

दुसरं म्हणजे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, ‘मॅडम, यूजीसी अप्रूव्हड आहे’ (यूजीसी म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा केंद्राचा आयोग). अहो, विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि त्याच कोर्सला, ऑनलाइन मोडमध्ये, याच सेशनसाठी परवानगी असणं वेगळं! ती यादी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या म्हणजे डीईबीच्या साइटवर फुकट बघता येते, तिथे नाव असेल तरच ती डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरतात, यूजीसीने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलंय. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, लॉ असले कोर्स ऑनलाइन चालतच नाहीत, पीएचडी पण नाही, कोणी देतो म्हणाला तर फोन ठेवा.

आणि डीईबी आयडी. २०२४ पासून डिस्टन्स किंवा ऑनलाइन ॲडमिशनला तो लागतोच आणि विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो, इथे मात्र ‘ओटीपी सांगा, आम्ही काढून देतो’ असं भावाला दोनदा म्हणाले. अजिबात देऊ नका, तो आयडी तुमच्या ॲकॅडेमिक क्रेडिटच्या खात्याशी, म्हणजे शिकून मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याशी जोडलेला असतो.

एवढं जीव तोडून लिहितेय कारण मुलांची वर्षं जातात यात. छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा केला आणि बघता बघता शंभरावर खाजगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली, कित्येकांना धड इमारत नव्हती, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि शिकणाऱ्या पोरांची सोय दुसऱ्या विद्यापीठांत लावा म्हणून सरकारला सांगावं लागलं. आता तर पसारा केवढा वाढलाय, २०२१-२२ च्या सरकारी सर्व्हेत १,१६८ विद्यापीठं, ४५ हजारांवर कॉलेजं आणि ४.३३ कोटी विद्यार्थी. तरी कॉलेजच्या वयातली शंभरातली २८ च्या आसपासच मुलं शिकतायत आणि २०३५ पर्यंत ५० वर न्यायचं ठरलंय. ऑनलाइन शिक्षण वाढणार, वाढायलाच पाहिजे, नोकरी करणाऱ्याला दुसरा रस्ता कुठला आहे? पण नियम करणाऱ्याने मधल्या या कमिशनवाल्यांकडेही बघावं, प्रत्येक काउन्सेलरने कोणाकडून पैसे घेतो हे लेखी सांगायची सक्ती करावी असं मला मनापासून वाटतं.

कोणी वापरावं? फक्त फीचा तक्ता हवा असेल तर घ्या, पण फॉर्म विद्यापीठाच्या साइटवरूनच भरा आणि फी तिथेच भरा. ते ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात ना, आमच्याकडे आलेल्या कागदात ते फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं, भावाच्या नावावर, विद्यापीठाचा त्यात संबंध नाही. ॲडमिशन रद्द केली तर हप्त्याचं काय होणार हे सही करायच्या आधी लेखी मागा, आम्ही मागितलं तर त्यानंतर त्यांचा फोनच आला नाही.