मण्यांच्या भरतकामाची इस्त्री: लोकरीच्या गादीचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या गौरी-गणपतीच्या सुमारास मी इस्त्रीसाठी लोकरीची जाड गादी मागवली आणि तेव्हापासून मणी लावलेला फुलीच्या टाक्यांचा प्रत्येक नग तिच्यावरच पूर्ण केला आहे. रुखवताच्या फ्रेमा, दाराची तोरणे, चौरंगावरची आसने, उशांचे अभ्रे असे सगळे त्यात आले. पावसाळ्याचा शेवट, हिवाळा आणि आता परभणीचा कडक उन्हाळा, अशा तिन्ही हवांत ती वापरून झाल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला योग्य वाटते.

ही गादी विणलेली नसते. लोकर ओली करून, रगडून आणि दाबून तिचा घट्ट थर केलेला असतो. माझी गादी अर्धा इंच जाडीची असून तिचा आकार साधारण १७ बाय १३.५ इंच आहे. हजार-दीड हजार रुपये इस्त्रीखालच्या गादीवर खर्च करावेत का, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर मण्यांच्या मापात आहे. आपण बहुतेक जणी मॅटी हे चौकोनी घरांचे भरतकामाचे कापड १४ काउंटचे वापरतो, म्हणजे एका इंचात १४ घरे, आणि एक घर जेमतेम १.८ मिलिमीटरचे. त्यावर बसणारा ११ नंबरचा मणी २ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मणी घराच्या बाहेर थोडा डोकावतो आणि कापडाच्या वर चांगलाच उभा राहतो. असे काम सुलट बाजूने इस्त्री केले, तर इस्त्री फक्त मण्यांच्या माथ्यावर टेकते आणि मधल्या कापडाच्या सुरकुत्या तशाच राहतात. उलट करून टेबलावर पातळ चादरीवर ठेवले, तर कापड मण्यांवर ताणले जाते आणि प्रत्येक मण्याभोवती गोल वळ उमटतो. नळीचे मणी असतील तर ते दाबाखाली तडकतात, आणि तडकलेल्या नळीची धार आतला दोरा कापते. लोकरीच्या गादीत मात्र मणी आपल्या उंचीपुरता आत बसतो, त्यामुळे कापडाला सगळीकडे सारखा आधार मिळतो. माझ्या मते या कामात इस्त्री कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा खाली काय अंथरले आहे, यालाच खरे महत्त्व आहे.

चार पदरी टर्किश टॉवेल अंथरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तुरळक मणी असतील तर ती पुरेशी आहे. पण मोराचा पिसारा किंवा देवीचा मुकुट मण्यांनी गच्च भरलेला असेल, तर टॉवेलचे फासे दबून सपाट होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे काम उचलताना ते फासे मण्यांत अडकतात. तिथे एखादा सैल मणी ओढला गेला, की पुढचे चार सैल होतात.

माझी पद्धत अशी आहे. गादीवर जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या सुती धोतराचा एकेरी तुकडा पसरते, म्हणजे लोकरीचे तंतू मॅटीला चिकटत नाहीत. त्यावर काम उलटे ठेवून मॅटीची उभी-आडवी घरे काटकोनात येईपर्यंत हाताने चारी बाजूंनी हलके ओढून घेते. भरताना लावलेल्या रिंगने कापड तिरके झालेले असते, ते याच वेळी सरळ करावे, कारण इस्त्री फिरल्यावर तिरकेपणा तसाच पक्का होतो. मग वरून घट्ट पिळलेले मलमल घालते आणि इस्त्री तिच्या बटणावरच्या दोन ठिपक्यांवर, म्हणजे १५० अंश सेल्सिअसच्या आत ठेवते. मॅटी सुती असल्यामुळे तिला तीन ठिपके, म्हणजे २०० अंश, चालले असते. पण मण्यांचा रंग आणि त्यातला दोरा यांना ते सोसत नाही. इस्त्री सरकवायची नाही, टेकवायची आणि उचलायची. पाच-सहा सेकंद टेकवली की मलमलातून बारीक चर्र असा आवाज येतो आणि तो थांबला की ओल संपली असे समजावे. मधून सुरुवात करून कडेकडे जावे. लोकर उष्णता धरून ठेवत असल्यामुळे खालूनही कापडाला ऊब मिळते, म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा टेकवण्याची गरज फारशी पडत नाही. शेवटी काम गादीवरच पूर्ण गार होऊ द्यावे. गरम असताना उचललेली मॅटी मण्यांच्या वजनाने पुन्हा लोंबते आणि सगळी मेहनत वाया जाते. या एका गोष्टीत घाई करू नये, असे मी प्रत्येकीला आग्रहाने सांगते.

गादी कितीही चांगली असली, तरी मणी कसले आहेत हे आधी तपासलेच पाहिजे. बाजारात सुट्या पुड्यांत काचेचे आणि प्लास्टिकचे मणी शेजारी शेजारी असतात. सुईचे टोक मेणबत्तीवर तापवून एका मण्याला टेकवावे. प्लास्टिक असेल तर टोक आत रुतते, काचेला काही होत नाही. रंग वरवरचा आहे का, हे पाहण्यासाठी नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात भिजवलेला कापूस काचेच्या मण्यांवर घासावा. प्लास्टिकच्या मण्यांचे काम मी या गादीवरही इस्त्री करत नाही. आधी मॅटी धुऊन, इस्त्री करून घेते आणि मणी सगळ्यात शेवटी लावते. खरे तर काचेच्या मण्यांसाठीही हाच क्रम उत्तम, पण गिऱ्हाईक बहुधा सगळे भरून झालेलेच काम घेऊन येते. तंगूसने, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याने, ओवलेले मणी असतील तर मी स्पष्ट नकार देते. तंगूस उष्णतेने आखडतो आणि त्याच्याभोवती मॅटीला चुण्या पडतात, त्या नंतर कशानेही जात नाहीत. पॉलिएस्टरचा बारीक दोरा दुहेरी घेऊन लावलेले मणी सर्वांत निर्धास्त.

धुण्याबद्दल आपल्या भागापुरते लिहिणे आवश्यक आहे. बोअरचे पाणी जड असते आणि गडद मॅटीवर ते पांढरट थर सोडते. चंदेरी अस्तराच्या मण्यांच्या भोकातही तो साचतो आणि चमक मारतो. इस्त्रीने हा थर जात नाही, उलट अधिक उठून दिसतो. त्यामुळे शेवटचे पाणी फिल्टरचे असावे. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाच-सहा पाण्यांत खळबळून काढण्याचा सल्ला देणे मला पटत नाही. भरताना हात स्वच्छ ठेवावेत आणि काम उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवावे, म्हणजे रिठ्याच्या कोमट पाण्यात एकदा आणि साध्या पाण्यात एकदा बुडवणे पुरते. पाण्याने जाणाऱ्या पेनच्या खुणा मात्र इस्त्रीपूर्वी पूर्ण गेलेल्या असाव्यात. उष्णता लागल्यावर त्या कायमच्या बसतात.

आता गादीचे दोष. ओल लागली की तिला मेंढीचा वास येतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो खोलीभर पसरत असे, आता कमी झाला आहे, गेलेला नाही. वाफेची इस्त्री जास्त वेळ धरली तर ओल आरपार खाली उतरते आणि पॉलिशच्या टेबलावर पांढरा डाग पडतो, म्हणून मी ती साध्या फळीवर ठेवते आणि काम झाल्यावर भिंतीला उभी करून वाळवते. उन्हाळ्यात ती तासाभरात कोरडी होते, भाद्रपदात दुसऱ्या दिवसापर्यंत दमट राहत असे. इस्त्री तिच्यावर तशीच टेकवून ठेवली तर लोकर करपून तपकिरी होते. पावसाळ्यात कसर लागण्याचा धोका आहेच, त्यामुळे ती बंद पिशवीत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवावी लागते. लांब तोरणासाठी आकार अपुरा पडतो. तोरण टप्प्याटप्प्याने सरकवताना आधीचा भाग गार होण्याची वाट पाहावी लागते आणि बराच वेळ जातो.

याच कारणाने मी घोंगडीचाही प्रयोग मुद्दाम करून पाहिला. जाऊबाईंच्या घरची जुनी, अनेकदा धुतलेली घोंगडी चार पदरी करून त्यावर जाड सुती कापड घातले, तर लांब तोरणाला ती गादीपेक्षा सोयीची ठरली. मणी तितकेच नीट आत बसले. उष्णता मात्र ती कमी धरते, म्हणून इस्त्री दोनदा टेकवावी लागली. नवी घोंगडी यासाठी घेऊ नये. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, आणि ओलसर वाफेने ती सुटून पांढऱ्या मॅटीवर डाग उतरण्याची भीती असते. ज्यांच्या घरी जुनी घोंगडी आहे आणि वर्षाकाठी दोन-चारच कामे होतात, त्यांनी गादी विकत घेण्याचे कारण नाही. ज्या ऑर्डरी घेतात, त्यांना मी ती घ्यायलाच सांगेन.

इस्त्रीनंतरचे काम फ्रेमवाल्याकडे बिघडू शकते, म्हणून तेवढे नमूद करते. काच थेट मण्यांवर टेकवली की आपण ज्या वळांपासून कापड वाचवले, तेच वळ काचेच्या दाबाने महिन्याभरात उठतात. काच आणि कापड यांच्यात कडेने पट्टी किंवा दुहेरी माउंट घालून मण्यांच्या उंचीपेक्षा जास्त मोकळी जागा ठेवायला सांगावे. काम पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवू देऊ नये. मागून दोऱ्याने आडवे-उभे ताणून बांधून घ्यावे. अभ्रा शिवायचा असेल तर शिलाई आणि शेवटचा मणी यांत निदान सहा-सात घरे मोकळी सोडावीत आणि मशीनला चेन लावण्याचा एकेरी पाय लावावा, कारण साधा पाय मण्यावर चढला की सुई मोडते.