प्रीटॅल्क्स: टॉक निवडताना नाव झाकलं, तर काय होतं

पुण्यातल्या आमच्या छोट्या ओपन सोर्स परिषदेचे टॉक यंदा प्रीटॅल्क्सवर निवडले. परिषदेसाठी टॉकचे प्रस्ताव मागवून निवडायचं हे सॉफ्टवेअर. आधी गूगल फॉर्म आणि त्यामागची शीट असायची. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात कंपनी. मोठी कंपनी दिसली की गुण 3 चे 4 व्हायचे. मीही दिलेत, खोटं कशाला बोलू! त्यात पहिल्या परीक्षकाने 5 ठोकले की खालचे सगळे माना डोलवणार.

इथे परीक्षणाच्या टप्प्यात वक्त्याचं नाव झाकता येतं. आपले गुण दिल्याशिवाय दुसऱ्यांचे दिसणार नाहीत, असंही लावता येतं. सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावून मधला, घेतला, त्यामुळे आमच्यातल्या एका खडूस परीक्षकाच्या शून्याने कुणाचा टॉक बुडाला नाही. ब्रसेल्सची ओपन सोर्स परिषद फॉसडेमही 2024 पासून हेच वापरतं. सॉफ्टवेअर जँगोवर (पायथनमधला वेबसाइट बांधायचा सांगाडा) बांधलेलं आणि ओपन सोर्स, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालतं. फक्त ईमेलच्या सेटिंगने आमचा एक शनिवार खाल्ला.

खटकलं ते पुढे. नाव झाकलं तरी मजकूर चुगली करतोच. ‘गेली 6 वर्षं मी या प्रकल्पाची मेंटेनर (देखभाल करणारी) आहे’, झालं, कळलं कोण! अशी वाक्यं गाळून परीक्षकांपुरती वेगळी प्रत ठेवता येते, पण गाळायची हातानेच. 61 प्रस्ताव, दोन रात्री. आणि गाळणाऱ्याला सगळी नावं कळतात, म्हणून मी यंदा गुण दिलेच नाहीत. मराठीतून प्रस्ताव आले दोन. देवनागरी फाँटवर मराठीत कोण बोलणार, हे समितीत सगळ्यांना पाठ. तिथे झाकून काय उपयोग?

गंमत शेवटी झाली. निवडीच्या टप्प्यात नावं उघडली, तर 14 पैकी 4 टॉक एकाच कंपनीचे. गुण चोख, पण दिवसभर तीच मंडळी मंचावर कशी चालतील? तासभर वाद झाला. दोन काढले आणि त्या जागी दूध संकलन केंद्रावरच्या फॅट मशीनचे आकडे लिनक्सवर वाचणारा टॉक घेतला. तो 16 वा होता. दुसरी जागा 15 व्याला.

प्रीटॅल्क्समध्ये नकाराच्या ईमेलचा साचा तयार असतो. काढलेल्या त्या दोघांना मात्र तो पाठवायचा धीर झाला नाही. खरं कारण लिहून पत्रं मीच पाठवली. एकाचं उत्तर आलंय, जरा तिखट आहे.