जुनी गाडी घेताय? हँडब्रेक दांडीचा हवा की बटणाचा, हेही ठरवा

दोन जुन्या गाड्या पसंत पडल्या आहेत. इंजिन दोन्हींचं ठीक, कागदपत्रं साफ. एकीत दोन सीटच्या मधे हँडब्रेकची दांडी आहे, दुसरीत त्या जागी बोटाने ओढायचं छोटं बटण. बहुतेक जण हा फरक बघतात आणि पुढे जातात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण गाडी उतारावर सोडून आपण निघून जातो तेव्हा तिचा भार याच एका गोष्टीवर असतो. मी दोन्ही प्रकार बरीच वर्षं वापरले आहेत. दोन्ही चांगले आहेत, पण बिघडतात मात्र अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने.

दांडीपासून सुरुवात करू. दांडी ओढली की केबल ताणली जाते आणि मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक आवळते. दांडीच्या मुळाशी दातेरी पट्टी असते, तिच्यावरून खटका सरकताना टक-टक आवाज येतो. हा आवाज मोजायची सवय लावून घ्या. चांगल्या स्थितीतला हँडब्रेक साधारण पाच ते आठ खटक्यांत गच्च बसतो. माझ्या गाडीचा सहाव्या खटक्याला बसायचा. काही महिन्यांत तो नवाला जाऊ लागला, म्हणजे आत काहीतरी झिजलं होतं किंवा केबल लांबली होती. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागला नव्हता, हातालाच कळलं.

इथे एक चूक फार जण करतात. दांडी वर जायला लागली की सीटमधलं कव्हर उघडून केबलचा नट आवळतात. मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा गोल डबा) असतील तर आधी ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे तुकडे, आणि ड्रममधलं अंतर जुळवायचं असतं, केबल त्यानंतर. उलट केलं तर शू पुरते मागे येत नाहीत, ड्रममधली आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा नीट काम करत नाही आणि चाक सतत घासत राहतं. थोडी चक्कर मारून आल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एका चाकाची धग जास्त जाणवली तर तिथला ब्रेक पुरता सुटत नाहीये.

जुन्या ड्रमची दुसरी खोड म्हणजे चिकटणं. गाडी धुऊन किंवा पावसात भिजून आली, हँडब्रेक ओढून तशीच आठवडाभर उभी राहिली, तर शूवरचे लायनर गंजाने ड्रमला धरून बसतात. मग दांडी खाली केली, दिवा विझला, तरी गाडी हलत नाही. क्लच सोडला की मागचा भाग नुसता खाली दबतो. अशा वेळी जोराने रेस करू नका. पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत गाडी हलकेच पुढेमागे करा, ‘खाड’ असा आवाज होऊन चाक सुटतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा बघा, गिअर टाका, चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावा आणि हँडब्रेक ओढूच नका.

मागे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या असतील तर जास्त सावध राहावं लागतं. काही गाड्यांत डिस्कच्या पोटात हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो. काहींत मात्र केबल थेट कॅलिपरला, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पॅडने आवळणाऱ्या चिमट्याला, जोडलेली असते. अशाच एका गाडीने मला धडा दिला. लांब उतार उतरून आलो होतो, डिस्क चांगल्याच तापलेल्या. हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि गेलो. तासाभराने परत आलो तर पुढचा बंपर समोरच्या भिंतीला टेकलेला. डिस्क थंड होताना आकसली होती आणि पॅडची पकड सैल झाली होती. मधे कुणी उभं नव्हतं, एवढंच नशीब. तेव्हापासून तापलेल्या गाडीला एक खटका जास्त आणि गिअर, हे कधी चुकवत नाही.

या जागी बटणाचा ब्रेक सरस ठरतो. त्यात ब्रेक विजेची मोटर आवळते, आणि अनेक गाड्यांत डिस्क थंड होताना ती पकड पुन्हा आवळते. हा प्रकार २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये आला आणि पुढे साध्या गाड्यांपर्यंत पोहोचला, म्हणून आता जुन्या बाजारातही तो दिसतो. हाताच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. खांदा किंवा मनगट दुखत असेल तर एवढ्या एका कारणासाठीही हा ब्रेक घ्यावा. चढावर निघताना बऱ्याच गाड्यांत तो आपोआप सुटतो, त्यामुळे दांडी आणि क्लचची कसरत वाचते.

पायाचा ब्रेक चालत्या गाडीत दगा देतो तेव्हाही फरक पडतो. बहुतेक गाड्यांत बटण ओढून धरून ठेवलं की गाडी स्वतः सांभाळून थांबते. दांडीचं कसब तुमच्या हातात असतं. अंगठ्याने टोकाचं बटण दाबून धरायचं आणि दांडी हळूहळू ओढायची, म्हणजे चाक अडकतंय असं वाटलं तर लगेच सैल सोडता येते. एकदम खेचली तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरते.

पण बटण मुकं असतं. खटके नाहीत, हाताला ताण नाही. बॅटरी बसली आणि ब्रेक लागलेला असेल तर तो तसाच राहतो, गाडी ढकलताही येत नाही. कॅलिपरवर मोटर असलेल्या गाड्यांत मागचे पॅड बदलताना मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यावी लागते. तसं न करता पॅडला दाबणारा पिस्टन जोराने आत ढकलला तर आतली यंत्रणा मोडते. म्हणून विचारा की तुमच्या मेकॅनिककडे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून हा मोड लावायचं यंत्र, आहे का, आणि आधी पॅड कुणी बदलले होते. बघायला गेलात की काच खाली करून बटण पाच-सहा वेळा वापरा. दोन्ही बाजूंनी मोटरची घरघर सारखी यायला हवी.

आणखी जुन्या गाड्यांत तिसरेच प्रकार भेटतात. मर्सिडीज डब्ल्यू-१२३ मध्ये पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा आणि डॅशबोर्डखालचा नॉब ओढून सोडायचा. साब ९९ मध्ये तो पुढच्या चाकांवर असतो, शिवाय रिव्हर्स टाकल्याशिवाय चावी निघत नाही. लँड रोव्हर डिफेंडरमध्ये ब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर बॉक्समागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टवर असतो. तो ओढल्यावर गाडी थोडी डुलून मगच थांबते, त्यामुळे तो बिघडलाय असं समजू नका. चालत्या गाडीत मात्र तो कधी ओढू नका, आणि मागचं एक चाक जॅकवर घेताना त्याच्या भरवशावर राहू नका. डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो, त्यामुळे गाडी घसरू शकते.

गिअरचा आधार दोन्ही प्रकारांत घ्या, पण तो दुसरा आधार. इंजिन झिजलेलं असेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गळत असेल, तर गिअरमधली गाडी उतारावर एकेक हिसका देत खाली सरकते. ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ (पार्क) म्हणजे गिअरबॉक्समधला एक छोटा खटका. पायाचा ब्रेक दाबून न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, पाय सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग ‘पी’. उतारावरून निघताना लिव्हर ‘पी’मधून जड निघाला आणि मोठा ‘खट’ आवाज आला, तर सगळा भार त्या खटक्यावर होता.

आता निवड. रोज उतारावर गाडी लावायची आहे, हातात जोर कमी आहे, स्कॅनरवाला मेकॅनिक जवळ आहे, तर बटण घ्या. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार आहे, बॅटरी अधूनमधून बसते, लहानसहान काम स्वतः करता, तर दांडी घ्या. गाडी दहा-बारा वर्षांपेक्षा जुनी असेल तर मी स्वतः दांडीकडेच झुकतो, कारण केबल कुठलाही चांगला मेकॅनिक बदलून देऊ शकतो आणि दुखणं वाढण्याआधी मला हाताला कळतं.

कुठलीही निवडा, चाचणी उताराच्या रस्त्यावर घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३-एच या नियमानुसार पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के उतारावर धरून ठेवायला हवी, तोंड वर असो की खाली. नियम नव्या गाडीसाठी आहे, पण कस तोच लावा. आधी तोंड वर करून, मग खाली करून गाडी उभी करा. ब्रेक लावा, न्यूट्रल करा, पाय पेडलवरून उचलून त्याच्या अगदी जवळ तयार ठेवा आणि शेजारच्या एखाद्या खांबाकडे दोन मिनिटं बघत राहा. तो खांब जागचा हलल्यासारखा वाटला, तर आधी ब्रेकचं काम करून घ्या, मगच व्यवहाराचं बोला.