मिस्टर सरफेसर १५०० काळा: स्पर्धेच्या मॉडेलवर काही महिने वापरून

मॉडेलच्या स्पर्धेसाठी १/४८ मापाचं पी-५१डी मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान) करतोय. त्यावर आणि मधल्या काळात केलेल्या इतर विमानांवर प्रायमर म्हणून, म्हणजे रंगाआधीचा थर म्हणून, हाच मिस्टर सरफेसर वापरला. बाटलीचा तळ दिसायला लागलाय, तेव्हा आता सविस्तर लिहितो.

स्पर्धेत परीक्षक सहसा मॉडेलला हात लावत नाहीत, छोटी बॅटरी घेऊन वाकून बघतात. आधी बघतात ते मूळ काम: सांधे नीट बुजलेत का, दोन्ही पंखांचा कोन सारखा आहे का, सगळी चाकं टेकतात का, डिकलखाली (चिकटवायच्या छापील चिन्हांखाली) हवा अडकून चकाकतेय का. रंगाची छटा अचूक आहे की नाही, हा वाद त्यानंतरचा. म्हणजे त्या बॅटरीत जे दिसणार, ते आधी माझ्या टेबलावर दिसायला हवं. प्लॅस्टिक, पुट्टी आणि सुपरग्लू यांचा रंग वेगळा, चकाकी वेगळी. त्या गोंधळात घासलेला सांधा साफच वाटतो. सगळ्यावर एकसारखा काळा हात बसला आणि दिवा तिरपा धरला, की बारीक खळगासुद्धा लपत नाही.

मस्टँगवर याचा खरा कस लागला. खऱ्या विमानाचा पंख हवा गुळगुळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पुट्टी भरून, घासून, चंदेरी रंगवलेला असे. धड मात्र उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं. किटच्या पंखावर पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या रेघा) कोरलेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच भरून टाकाव्या लागल्या. भरायला मी सुपरग्लू घेतला, कारण पुट्टी सुकताना आकसते आणि काही दिवसांनी तीच रेघ वर येते. (सुपरग्लू मात्र बसला की लगेच घासायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो प्लॅस्टिकपेक्षा टणक होतो आणि घासताना शेजारचं प्लॅस्टिकच झिजतं.) पहिला हात दिल्यावर डाव्या पंखावर, बंदुकांच्या झाकणामागे केसाएवढी रेघ उरलेली दिसली. वरून बघितलं तर काहीच नाही, दिवा पंखाच्या पातळीत आणला तरच. थेंबभर सुपरग्लू, १००० नंबरचा घासायचा स्पंज आणि त्यावर पुन्हा पातळ हात. जुना थर कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, ते शोधूनही सापडत नाही. या प्रायमरचा मला सगळ्यात आवडलेला गुण हाच. पाण्यावरचे बरेच प्रायमर घासताना कडेला रबरासारखे सोलून निघतात, हा लॅकर (पाण्याऐवजी उग्र सॉल्व्हंटमधला) असल्यामुळे पावडर होऊन घासला जातो.

मारताना एक भाग प्रायमरला दोन भाग लेव्हलिंग थिनर (रंग पातळ करून सपाट बसवणारं द्रावण) घेतो. ०.३ मिमीचा नोझल, १५ पीएसआयच्या आसपास दाब, आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) जवळ. लांबून मारलं तर कण हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यावर मेटॅलिक रंग कधीच नीट बसत नाही. जवळून, ओलसर मारलं तर रिव्हेटही बुजत नाहीत.

हा भराव टाकणारा प्रायमर नाही, हे लक्षात ठेवा. ४०० नंबरच्या कागदाचे ओरखडे हा झाकत नाही, त्यासाठी ५०० किंवा १००० नंबरचा सरफेसर आहे (नंबर जितका कमी, तितका जाडसर). मी प्लॅस्टिक आधी बारीक स्पंजपर्यंत घासून घेतो आणि मगच याला हात घालतो.

मेटॅलिक रंगाखाली एक छान फायदा मिळाला. धडावर प्रायमर पॉलिश करून वर चकचकीत काळा मारला, पंख तसाच ठेवला. वरचा चंदेरी रंग एकाच बाटलीतला, तरी धड उघड्या धातूसारखं आणि पंख रंगवलेला दिसतो. खऱ्या विमानात जो फरक होता, तो वेगळी छटा न शोधता मिळाला.

आता त्रास. वास उग्र आहे. बाहेर हवा फेकणारा पंखा आणि कार्बन फिल्टरचा मास्क याशिवाय वापरूच नका. जाड भाग तळाशी बसतो, त्यामुळे दर वेळी तळापासून ढवळावं लागतं. झाकणाच्या आट्यांवर रंग राहिला तर झाकण घट्ट बसत नाही आणि आतला माल दाटत जातो. चाकांच्या खोबणीसारख्या खोलगट जागी काळ्यावर काही कळत नाही, तिथं राखाडीच बरा. आणि पिवळा, पांढरा, लाल हे रंग काळ्यावर उठेपर्यंत इतके हात द्यावे लागतात की कोरीव काम बुजायला लागतं. नाकाच्या पिवळ्या पट्ट्याखाली मी म्हणूनच आधी पांढरा मारून घेतला.

मेटॅलिक आणि गडद विमानांसाठी पुढची बाटली काळीच घेणार आहे. तुमचं स्पर्धेचं मॉडेल पिवळं ट्रेनर विमान वगैरे असेल, तर याच नंबरचा राखाडी घ्या.