ब्लूटूथवाला वजनकाटा : काटा झकास, अॅप मोठ्या माणसांचं (३ स्टार)

सीताबर्डीवरून घेतला, कंपनीचं नाव नाही लिहत. काटा म्हणून एक नंबर आहे, २० लिटरचा पाण्याचा जार आधी रिकामा अन् मग भरून ठेवला तर फरक बरोबर २० किलोच्या आसपास आला. काच मजबूत, फक्त ओल्या पायानं चढू नका.

गडबड अॅपची आहे. माझी पोरगी ९ वर्षांची, उंची १३२ सेंटीमीटर, वजन २८ किलो, बीएमआय दाखवला १६, म्हणजे किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं, गणित चूक नाही. पण खाली लाल अक्षरात 'अंडरवेट'! झालं, आजीनं डिंकाचे लाडू सुरू केले, कोणाचं ऐकूनच नाही राहिली. अन् भाचा १४ चा, १६० सेंटीमीटर, ६० किलो, बीएमआय २३.४, त्याला हिरवं 'नॉर्मल', तर तो तर्री पोह्याची दुसरी प्लेट मागून राहिला.

दोन्ही उलटं आहे ना बाप्पा. १८.५ ते २५ हा मोठ्यांचा हिशोब, अन् आपल्या भारतीय लोकांत तर मोठ्यांनाही २३ च्या पुढं जास्तच धरतात. लेकरांचा बीएमआय पहिल्या वर्षानंतर उतरते, ५-६ वर्षांच्या आसपास सगळ्यात कमी अन् मग परत चढत जाते, म्हणून वय अन् मुलगा की मुलगी हे पाहूनच तक्त्यावर मांडावं लागते. रामदासपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा २०१५ चा ५ ते १८ वर्षांवाला तक्ता काढला, पोरीचा ठिपका मधल्या रेषेजवळच, भाच्याचा मात्र 'जास्त वजन'वाल्या रेषेच्या वर. ती रेष मोठ्यांच्या २३ च्या बरोबरीची, पण १४ व्या वर्षी आकडा त्याहून कमीच राहते. घाबरवलं नाही त्यांनी, पोट्टा कबड्डी खेळते अन् चरबी किती, स्नायू किती हे बीएमआयला समजत नाही, म्हणून कंबर मोजली, बीपी पाह्यलं, घरात शुगर कोणाला आहे ते विचारलं.

अजून एक, अॅप उंची एकदाच विचारते अन् मग तीच धरून बसते, पोरं तर वाढून राहिली ना! वर्ग असल्यामुळं दोन-तीन सेंटीमीटरनं पण आकडा हलते.

मोठ्यांसाठी बिनधास्त घ्या. पोरांच्या प्रोफाइल मी काढून टाकल्या, वजन तेवढं वहीत लिहितो. कंपनीला मेल पण टाकला, की जन्मतारीख विचारता तर वापरा ना ती, अजून उत्तर नाही.