एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप: फुकटची स्क्रिप्ट पुरते की सॉफ्टवेअरला पैसे मोजायचे?

कारखान्याचं ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालतं, डेटाबेस २०० जीबीचा झालाय आणि टेबलावर बॅकअप सॉफ्टवेअरचं कोटेशन येऊन पडलंय. घ्यायचं की नाही, हे बॅकअप बघून ठरवू नका. बॅकअप घेणं सर्व्हरला मुळातच येतं. प्रश्न रिस्टोअरचा, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उतरवण्याचा आहे.

सर्व्हरच्या फुकट एक्स्प्रेस आवृत्तीवाल्यांचा निकाल लगेच लागतो. २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसमध्ये डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नाही, बॅकअप कॉम्प्रेस होत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोज रात्री बॅकअपची कमांड चालवा आणि फाइल दुसऱ्या मशीनवर हलवा. तेवढ्यासाठी महागडं लायसन्स म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

विकतच्या स्टँडर्ड आवृत्तीत मात्र तुलना करण्यासारखी आहे. "आमची फाइल लहान होते" हा विक्रेत्यांचा जुना मुद्दा आता लंगडा झालाय, कारण स्टँडर्डमध्ये कॉम्प्रेशन २००८ आर२ पासून आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन २०१४ पासून आहे. कॉम्प्रेशनचं सेटिंग मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं, एवढंच. वर ओला हॅलेनग्रेन या डेटाबेस तज्ज्ञाच्या फुकट बॅकअप स्क्रिप्ट जगभर वापरल्या जातात. त्यात दोन ठिकाणी हमखास चुकतं. स्क्रिप्ट जॉब (एजंटने चालवायची कामं) तयार करते, पण त्यांना वेळापत्रक लावत नाही, म्हणून जॉब यादीत दिसतात आणि चालत मात्र नाहीत. दुसरं, जुन्या फाइली किती तासांनी काढायच्या ते दिलं नाही तर एकही फाइल पुसली जात नाही आणि एके रात्री डिस्क भरते.

आता खरी कसोटी. रविवारी फुल (संपूर्ण बॅकअप), रोज रात्री ११ ला डिफरन्शियल (फुलनंतर बदललेलं तेवढंच) आणि दर १५ मिनिटांनी लॉग (मधल्या व्यवहारांची नोंद), अशी घडी बसवलीय. मंगळवारी सकाळी ११:२० ला कुणीतरी दरपत्रकाच्या टेबलवर 'व्हेअर' (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारला. फुकटच्या मार्गाने आधी ताबडतोब हाताने एक लॉग बॅकअप घ्यायचा. मग वेगळ्या नावाने डेटाबेस उतरवायचा: रविवारचा फुल, सोमवार रात्रीचा डिफरन्शियल, त्यावर ओळीने ४९ लॉग आणि हाताने घेतलेला पन्नासावा, ११:१९ वर थांबवून. शेवटी त्यातून ते एक टेबल उचलायचं. बॅकअपची फाइल कितीही लहान असली तरी मोकळी जागा पूर्ण २०० जीबी लागते. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी नुसता फुल उतरायला ३४ मिनिटं जातात.

लाइटस्पीडसारखी विकतची साधनं बॅकअपमधून एकटं टेबल काढून देतात. पैसे मोजायचे तर यासाठी. "आम्ही साखळी (फुल, डिफरन्शियल, लॉग यांचा क्रम) आपोआप जुळवतो" या फुशारकीला फार भुलू नका. मायक्रोसॉफ्टच्या मॅनेजमेंट स्टुडिओतली टाइमलाइनही ती जुळवते, फक्त बॅकअपची नोंद असलेला एमएसडीबी शाबूत हवा. सर्व्हरच गेला तर तो गेला, म्हणून एमएसडीबीचाही बॅकअप घ्या. टीडीई (डेटाबेसच्या फाइलींचं एन्क्रिप्शन) वापरत असाल तर प्रमाणपत्र आणि त्याची प्रायव्हेट की वेगळी जपा. ती नसेल तर फाइल हातात असून निरुपयोगी.

विकत घेतल्यावरचा नेहमीचा घोळ वेगळा. जुनी स्क्रिप्ट चालूच राहते आणि दोन्हीकडून लॉग बॅकअप निघतात. अर्धी साखळी इकडे, अर्धी तिकडे, आणि रिस्टोअर ४३०५ क्रमांकाच्या एररवर अडतो. व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) बॅकअप घेणारं साधन मध्येच साधा फुल घेऊन गेलं तर पुढचे डिफरन्शियल त्याच्यावर टेकतात. मग तुमच्या रविवारच्या फुलवर ते लावताना ३१३६ येतो. लॉग एकाच साधनाकडे ठेवा, दुसऱ्याला 'कॉपी ओन्ली' (साखळीला धक्का न लावणारी प्रत) लावा.

ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. साधनाचा क्लाउड परदेशात असेल तर त्या प्रतीने हा नियम भागत नाही. स्क्रिप्टवाल्यांनाही हे तितकंच लागू.

आमचं मत असं: दोन-तीन सर्व्हर असतील आणि महिन्याला एकदा रिस्टोअर करून त्यावर चेकडीबी (डेटा धड आहे का ते तपासणारी कमांड) चालवणारा माणूस असेल, तर स्क्रिप्ट पुरते. नुसत्या 'व्हेरिफाय ओन्ली'वर विसंबू नका. त्यातून फाइल वाचता येते एवढं कळतं, आतला डेटा धड आहे की नाही ते नाही. दहा-बारा सर्व्हर, वेगवेगळ्या आवृत्त्या, वरचेवर एखादं टेबल परत मागणारे लोक आणि अहवाल मागणारा ऑडिटर असेल तर सॉफ्टवेअर घ्या. महिन्याला रिस्टोअर करून बघणारा माणूसच नसेल तरी घ्या, पण रिस्टोअर करून बघायचं काम त्यानेही टळत नाही.

सही करण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: लायसन्स संपल्यावर जुन्या फाइली तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय उतरतील का? मग चाचणी मुदतीत तुमचा सगळ्यात मोठा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उतरवा, घड्याळ लावून. आणि तो विक्रेत्याच्या माणसाला नव्हे, तुमच्याच माणसाला उतरवू द्या.